कोडाचा हात

पहिला डाग मला चुन्याचा वाटला. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर, नखाच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा. सकाळीच आईला पान लावून दिलं होतं, त्याचा असेल म्हणून पदराला पुसला. गेला नाही. साबणानं घासला तर भोवतीची कातडी लाल झाली आणि मधला ठिपका आणखीच पांढरा दिसायला लागला.

मी तेव्हा वेल्ह्याच्या डोंगरभागात नर्स होते. एका खोलीचं उपकेंद्र आणि मागं राहायची एक खोली. माझ्याबरोबर आई आणि चार वर्षांची लता. लताचे वडील भोरला कचेरीत शिपाई होते, शनिवारच्या एस.टी.नं यायचे. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की तेही नाही.

आम्ही भोरचे. वडिलांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा मी शाळेत होते. मुलींनी शिकायचंच हा हट्ट त्यांनी त्याच सुमारास धरला, म्हणून मी नर्स झाले. पण डोंगरातल्या गावांनी माझा दाखला पाहिला नाही, आडनाव पाहिलं. सुरुवातीला मला कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं. बाळंतिणीला ओसरीवर आणून निजवायचे आणि मी पायरीवरून सांगायचं. मला पहिल्यांदा आत घेतलं वरच्या वाडीच्या गजाबाईनं. तिची लेक अडली होती. "ये ग बाई आत, जातीचं उंद्या बगू," असं म्हणून तिनं माझं मनगट धरून मला ओढलं. लेक सुटली, नातू जगला. त्यानंतर हळूहळू बाकीची दारं उघडली.

मी हातांवर जगत होते. आणि डाग हातावर आला.

*

महिन्याभरात बाकीच्या बोटांवरही डाग आले. मला माहीत होतं मी कशाला भीत होते. शिकत असताना आम्हाला महारोग्यांच्या वसाहतीत नेलं होतं. तिथल्या एका बाईच्या पाठीवरचा फिकट चट्टा दाखवून शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "सुरुवात अशी होते." ती बाई आमच्याकडं पाठ करून मुकाट्यानं बसली होती. मला तिचा चेहरा कधीच दिसला नाही, पण त्या दिवसांत ती रोज डोळ्यांसमोर यायची.

स्वयंपाक आईवर सोपवला. लताला जवळ घेऊन झोपणं बंद केलं. ती रात्री माझ्या अंथरुणावर रांगत यायची आणि मी तिला परत आजीजवळ नेऊन ठेवायची. कारण मात्र कोणालाच सांगितलं नाही.

शेवटी वेल्ह्याच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडं गेले. ते माझे वरिष्ठ. मासिक बैठक संपली, बाकीच्या नर्सा बाहेर पडल्या आणि मी टेबलावर दोन्ही हात ठेवले. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग उठून दार लावलं.

"डोळे मिटा," ते म्हणाले. "मी टोचीन तिथं हो म्हणा."

टाचणी टोचल्याबरोबर मी "हो" म्हटलं. दुसऱ्या डागावर, "हो." मग काही टोचलं नाही, नुसतं काहीतरी हलकंसं फिरल्यासारखं वाटलं. "कापूस," मी म्हटलं.

"डोळे उघडा, बाई. महारोगाचा डाग बधिर असतो. हा महारोग नाही. कोड आहे."

मी तिथंच, त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. कोड म्हटल्यावर आनंदानं रडलेली मी एकटीच असेन. डॉक्टरांनी मला रडू दिलं. मग पाण्याचा पेला पुढं करत म्हणाले, "यानं जीव जात नाही. कोणाला लागत नाही. लेकीला खुशाल जवळ घ्या. पण एक सांगतो, हा फरक तुम्हाला कळतो, मला कळतो. गावाला कळणार नाही."

त्या रात्री लताला कुशीत घेऊन झोपले. तेवढी एक रात्र चांगली गेली.

*

गावाला कळलं नाही. कळवायचा प्रयत्न मी केला. उपकेंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, हे लागत नाही, बघा, माझी आई, माझी लेक ठणठणीत आहेत. बायका मान हलवायच्या आणि लेकराला उलट्या बाजूच्या काखेत घ्यायच्या. मग येणंच कमी झालं. लस टोचायला वाडीवर गेले की दारं लोटलेली असायची, आतून पोरं रडायची आणि त्यांना गप्प करणारे आवाज यायचे.

गजाबाई मात्र, पुढं पाऊस लागायच्या सुमाराला, स्वतः चालत सांगायला आली. तिची धाकटी सून, पारू, पहिलटकरीण होती. पाचवा महिना. मी दोनदा तिला तपासून आले होते. गजाबाई पायरीवर बसली, तंबाखू मळली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "नर्सबाई, तुमी वाईट वाटून घिऊ नगा. तुमी लई केलंया आमचं. पर पारीला आता तुमचा हात नगं."

"मावशी, हे लागत नाही हो."

"तुमी शिकल्याल्या. तुमाला ठावं. पर हे मागल्या जल्माचं असतंय. पोटातल्या पोरावर सावली पडती."

"मग अडली तर?"

"आमची म्हातारी सुईन हाय की," ती म्हणाली आणि उठली. जाताना लताच्या डोक्यावरून हात फिरवला. तो फिरवण्यापूर्वी क्षणभर थांबलेला मी पाहिला.

घरातलं निराळंच. लताचे वडील वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला टाकलं नाही, दुसरीचा विषय काढला नाही. त्यांनी फक्त शनिवारी आल्यावर स्वतःचा चहा स्वतः करायला सुरुवात केली. "तू दमलेली असतेस," म्हणायचे. त्यापूर्वी मी कधी दमत नव्हते असं नाही. जेवायला आईच्या हातचं मागायचे. मी एकदा भाकरी वाढली तेव्हा त्यांनी ती खाल्ली, सगळी खाल्ली, पण औषध गिळावं तशी.

गजाबाई येऊन जाण्याच्या आधी, उन्हाळ्याच्या तोंडावर, जाऊबाईंचा निरोप त्यांनीच आणला. जाऊबाईंच्या मुलीचं लग्न ठरत होतं. "वहिनी म्हणते, बघायला यायचेत त्या दिवशी तू नको येऊस. लग्नाचंही बघू." ते बोलताना चपलेचा अंगठा चाचपत होते.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पोरीचं भलं व्हायला पाहिजे."

आई चुलीपुढून म्हणाली, "जावई, उंद्या लताला बघायला येतील तवा तिच्या आयला कुठं दडवायची?" लता तिथंच पाटीवर रेघा ओढत बसली होती.

*

पुण्याला मी एकटीच गेले. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून पुण्याची गाडी. ओठाच्या कडेला आणि उजव्या भुवईतही डाग आले होते, म्हणून पदर दातांत धरून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं मला गाडी लागते. तिनं लिंबू दिलं. ते मी पुण्यापर्यंत हातात धरून ठेवलं.

मोठ्या सरकारी इस्पितळात कातडीच्या रोगांचा वेगळा विभाग होता. लाकडी बाकावर रांग. कोणाला खरूज, कोणाला गजकर्ण. मला जागा द्यायला सगळे जरा जास्तच सरकले.

तिथले मोठे डॉक्टर वयस्कर होते, आवाज खाली ठेवून बोलायचे. त्यांनी मला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. काळा पडदा ओढला आणि एक दिवा लावला. त्याचा उजेड जांभळट होता, जवळजवळ नव्हताच. पण माझे हात त्यात पेटल्यासारखे दिसले. डाग निळसर पांढरे, चुना कालवावा तसे लखलखत होते. मी पाहत राहिले, कारण जिथं दिवसा काही दिसत नव्हतं तिथंही ते होते: मनगटावर, कोपराच्या आत. डॉक्टरांनी आरसा पुढं केला. पापण्यांवर, नाकाच्या दोन्ही बाजूंना, हनुवटीखाली. जे अजून यायचं होतं ते त्या आरशात आधीच येऊन बसलं होतं.

"बंद करा," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर त्यांनी भिंग घेऊन माझे हात तपासले. रबरी हातमोजे वापरता का, विचारलं. कधीकधी रबरातल्या औषधानं असं होतं म्हणाले. उपकेंद्रात एकच जोडी होती, उकळून उकळून चिकट झालेली. त्यामुळंच झालं का, ते त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. मग त्यांनी मनगटावरचा एक केस चिमटीत धरला.

"हा काळा आहे ना? चांगलं आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी वरून गेल्या तरी केसाच्या मुळाशी काही लपून राहतात. बावचीच्या झाडाच्या बियांपासून काढलेलं औषध डागाला लावायचं आणि ऊन द्यायचं. उन्हानं त्या जाग्या होतात, मुळातून वर येतात. आधी केसाभोवती बारीक काळे ठिपके दिसतील. मग ते एकमेकांत मिसळतील."

"आणि भुवईत?"

त्यांनी भिंगातून पाहिलं. भुवईतले दोन-तीन केस पांढरे झाले होते. "जिथं केसच पांढरा झाला तिथं मुळातलंही गेलं. आशा कमी."

मी बोटांची टोकं पुढं केली. तिथं केस नसतातच. ओठांवरही नसतात. मी नर्स होते, हे मला विचारायची गरज नव्हती. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

निघताना मी विचारलं, परदेशात काही निघालं असेल का? ते म्हणाले, "तिकडं लेसर नावाचा एक नवा प्रकाश काढलाय. डोळ्याचं पातं लवायच्या आत एक झटका येतो. काळी कातडी, काळा केस तो प्रकाश पिऊन घेतात आणि तेवढेच जळतात. पांढऱ्याला तो फारसा धरत नाही. जन्माचे काळे डाग असतात त्यांच्यावर तिकडं प्रयोग चाललेत, तेही गोऱ्या माणसांवर. आपल्यासारख्या सावळ्या कातडीचं काय होईल, कोणाला ठाऊक? आणि तुमच्या तो कामाचा नाही, बाई. तो काळं घालवतो. तुमचं काळंच तर जातंय."

मला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं.

*

उपकेंद्रामागं ओढ्याच्या काठाला एक सपाट खडक होता. सकाळी तिथं बसायचं. काडीला कापूस गुंडाळून औषध फक्त पांढऱ्यावर लावायचं, कडेच्या चांगल्या कातडीवर गेलं तर ती काळीठिक्कर पडते. थोडा वेळ ऊन, मग साबणानं धुऊन सावलीत. ऊन द्यायचं ते अगदी मोजकं. जास्त झालं तर हेच औषध जाळतं, हे डॉक्टरांनी मला तीनदा बजावलं होतं.

आई शेजारी बसायची. तिला दूरचं धड दिसत नव्हतं, पण जवळचं सुईच्या नेढ्याएवढंही दिसायचं. ती माझा हात मांडीवर घेऊन निवडायला घेतलेल्या तांदळासारखा न्याहाळायची. पावसाळ्याआधी एका सकाळी ती ओरडलीच, "आलं ग! हितं बघ, मनगटावं!"

केसाच्या बुडाशी, राईहूनही बारीक, तपकिरी ठिपका होता. शेजारी आणखी एक. लताला बोलावून दाखवला. तिनं बोट लावून विचारलं, "मुंगी हाय का?" आम्ही तिघी हसलो.

मग पाऊस लागला. त्या भागात पाऊस लागतो म्हणजे सूर्य जातोच. चार महिने भाताच्या खाचरांवर ढग बसून राहिले. औषधाची बाटली फळीवर तशीच. डागांना मात्र पावसाळ्याची सुट्टी नव्हती; पापण्यांवरचे वर आले. त्याच पावसात वरच्या वाडीच्या वाटेवर पारू दिसली, डोक्यावर इरलं, पोट पुढं. माझ्याकडं बघून हसली आणि लगेच मागं वळून पाहिलं, कोणी बघतंय का.

ऑक्टोबरात ऊन पडलं आणि मी पुन्हा खडकावर बसले. मनगट आणि हाताची पाठ भरत आली. बोटं नाही. पण भरत होती तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

*

त्या दिवशी नुकतंच हातांना आणि तोंडाला औषध लावलं होतं. धोंडिबा, पारूचा नवरा, धावत उतरत आला. छाती भात्यासारखी हलत होती.

"नर्सबाई, चला. परवापासनं कळा देतीया. पोराचा हात भाईर आलाय."

"परवापासून? आणि आज आलास?"

"आय पाठवना," तो म्हणाला. "आजबी न्हाई पाठवलं. म्या आलो."

पेटी उचलली आणि निघाले. वरच्या वाडीची चढण उघडी बोडकी. ऊन अगदी समोरून. औषध धुवायचं माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी थांबले असते का, माहीत नाही.

गजाबाई दारात उभी होती. माझे हात तिनं पाहिले. त्या क्षणी ती बाजूला होईल की नाही हे मला खरंच कळत नव्हतं. आतून पारूचा आवाज आला. ओरडण्याचा नव्हे, ओरडून संपल्यावर उरतो तसला. गजाबाई सरकली.

मी हात कोपरापर्यंत धुतले, पाणी उकळून घेतलं, सगळं रीतसर केलं. तोंड तसंच राहिलं. बाळ आडवं होतं. बाहेर आलेला हात निळा पडला होता, थंड. पोटावर नळी लावून मी खूप वेळ ऐकलं. आत काही नव्हतं. आईला वाचवायचं तर खाली डॉक्टरकडं न्यायला हवी होती.

"डोली बांधा," मी म्हटलं.

घोंगडी बांबूला बांधली. चार माणसं खांदा बदलत. मी बाजूनं चालत पारूचं मनगट धरलं होतं. नाडी सुटली तर कळावं म्हणून. भर दुपार झाली होती. तिनं एकदाच डोळे उघडले. "बाई, पोर हलंना," म्हणाली. मी म्हटलं, "तू बोलू नकोस. तू श्वास घे."

वेल्ह्यात डॉक्टरांनी बाळ काढलं. मुलगा होता, मेलेला. पारू जगली. धोंडिबानं बाळ धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेतलं आणि बाहेर जाऊन कडुनिंबाखाली बसला. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "कालच आलो आसतो तर?" मी त्याला खोटं सांगितलं. म्हटलं, "काही फरक पडला नसता."

*

जळल्याचं त्या दिवशी कळलं नाही. बावचीचं औषध सावकाश सूड घेतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड तापल्यासारखं लाल, हात सुजलेले. त्याच्या पुढल्या दिवशी फोड आले. हाताच्या पाठीवर लिंबाएवढे, पाण्यानं टरटरलेले. डोळे बंद झाले. आई म्हणते, लता मला बघून किंचाळली आणि आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं. मला ते दिसलं नाही, फक्त ऐकू आलं.

पुण्याच्या इस्पितळात मला जळलेल्या बायकांच्या वॉर्डात घातलं. सकाळी ड्रेसिंगची गाडी यायची. तिच्या चाकांचा आवाज दूरवर ऐकला की अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा. मी स्वतः शेकडो ड्रेसिंगं केली होती; चिकटलेली पट्टी ओढताना "झालं, झालं" म्हणायची. आता कळलं की ऐकणाऱ्याला ते शब्द ऐकूच येत नाहीत.

दोन्ही हात गुंडाळलेले, ओठ फुटलेले. स्वतःच्या हातानं पाणीही पिता येईना. वॉर्डातली आया भाताचा घास माझ्या तोंडापाशी आणायची ती बोटं लांब धरून, आणि पटकन मागं घ्यायची. तिला वाटायचं मला आंधळीला कळत नाही.

लताचे वडील तिसऱ्या दिवशी आले. पावलांवरून ओळखले. मग आयाच्या हातातलं ताट घेतल्याचा आवाज आला. वरणभाताचा घास माझ्या ओठांना लागला. त्यांची बोटं ओठांवर तशीच राहिली, मी गिळेपर्यंत.

"दुखतंय?"

मी मान हलवली.

"मला आधी वाटायचं..." ते म्हणाले, आणि पुढं काय वाटायचं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. दुसरा घास केला. रजा संपेपर्यंत रोज भरवत राहिले. आमच्यात सगळं त्यामुळं नीट झालं असं मी म्हणणार नाही. जाऊबाईंच्या मुलीच्या लग्नाला ते एकटेच गेले. पण त्यानंतर चहा पुन्हा मी करायला लागले आणि ते प्यायला लागले.

सूज उतरली तेव्हा मोठे डॉक्टर आले. पट्ट्या सोडल्या होत्या. मनगटावर, हाताच्या पाठीवर जे भरून आलं होतं ते सगळं सोलून गेलं होतं. ते ठिपकेही. कधीकधी जिथं कातडी दुखावते तिथं कोड नव्यानं येतं, त्यांनी सांगितलं. "आता हे औषध नको. ऊनही नको."

"मग काय?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच.

वाडीवर तोपर्यंत काय बोललं जात होतं ते आईनं मला लपवून ठेवलं, पण एका बाईनं मुद्दाम येऊन सांगितलं: कोडाचा हात लागला म्हणून पोर पोटात मेलं. कोण म्हणतं, मी विचारलं. "गजाबाईच म्हनती."

*

पुढल्या वर्षांत डाग पसरत गेले. मान, पाठ, पाय. पुढचे केस पांढरे झाले. शेवटी मीच उलटी झाले; अंग पांढरं आणि त्यावर कपाळाला, गालाला थोडे काळे तुकडे. पुण्याला नव्यानं आलेल्या एका तरुण डॉक्टरनं सुचवलं, उरलेलं काळंही घालवणारं मलम आहे, सगळा एक रंग होईल, मग कोणी वळून बघणार नाही. मी घरी येऊन विचार केला. माझ्या आईच्या रंगाचं माझ्यावर तेवढंच उरलं होतं. नको म्हटलं. हे वाचणाऱ्या, कोड असलेल्या तुमच्यापैकी कोणी हो म्हटलं तर त्यातही काही चूक नाही.

ज्यांच्या अंगावर आज पहिला डाग आला आहे त्यांना मी एवढंच सांगू शकते. टाचणी टोचून घ्या, पहिली भीती तरी जाईल. ऊन आणि औषध यांचा खेळ एकट्यानं करू नका, जवळ कोणीतरी बसवा जो तुम्हाला उठवेल. डाग रोज आरशात मोजू नका. आणि लोक बदलतील म्हणून थांबू नका. काही बदलतात, फार सावकाश, आणि बदलले तरी सांगायला येत नाहीत.

*

पारू दुष्काळाच्या वर्षी आली. एकटी, चालत, पोटावर दोन्ही हात ठेवून. माझी बदली अजून झाली नव्हती. पायरीवर बसून तिनं घाम पुसला.

"दिस भरलं," ती म्हणाली. "पहाटेपासनं दुखतंय."

"सासूला सांगून आलीस?"

"न्हाई. शेण टाकाया जाते म्हनलं."

मी तिला आत घेतलं. टेबलावर चादर घातली. तिनं माझे हात पाहिले. तेव्हा ते कोपरापर्यंत पांढरे होते, एकही ठिपका नव्हता. "हात लावू का?" मी विचारलं. तिनं स्वतःच माझा हात उचलून पोटावर ठेवला.

या वेळी बाळ सरळ होतं. दुपारी झालं, मुलगी, भरपूर केस. पारू ओरडली तसं तेही ओरडलं. आईनं पाणी तापवलं. मी नाळ बांधली, पुसलं, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं.

ऊन कलल्यावर गजाबाई आली. तिला कोणी सांगितलं कोण जाणे. दारात थांबली. म्हातारी झाली होती. मी बाळ घेऊन तिच्यासमोर गेले. तिनं हात पुढं केले नाहीत. खाली वाकून पदर फरशीवर पसरला.

"हितं ठिवा," ती म्हणाली.

मी उभीच राहिले. मला वाकता येईना. आतून, बाजेवरून पारू बोलली. आवाज बारीक होता पण हलला नाही.

"आत्याबाई, भुईवर न्हाई. बाईंच्या हातनं घ्या. न्हाईतर आमी दोघीबी हितंच ऱ्हातो."

गजाबाई बराच वेळ पदराकडं बघत बसली. मग तो गोळा करून खांद्यावर टाकला आणि हात पुढं केले. बाळ देताना माझी बोटं तिच्या तळहातावर टेकली. तिनं हात मागं घेतले नाहीत, पण माझ्याकडं पाहिलंही नाही. नातीच्या तोंडावरचं फडकं बाजूला सारून पाहिलं. "केस चांगलं हायती," एवढंच म्हणाली.

बाळाला सुनेजवळ ठेवून ती बाहेर आली आणि ओढ्याकडं उतरली. मी दारातून पाहत होते. ओढ्यात त्या वर्षी पाणी जवळजवळ नव्हतंच. खडकाच्या खोबणीत साचलेल्या घोटभर पाण्यात तिनं हात धुतले, वाळू लावून, नीट, बोट न् बोट.

आई माझ्यामागं येऊन उभी राहिली. "बगितलंस?" म्हणाली.

"धुऊ दे," मी म्हटलं, आणि पारूला दूध पाजायला शिकवायला आत गेले.